मदत हवी आहे: वादळातला वारा-पाऊस संबंध ऋण येतोय, गम्बेल कोपुला बसत नाही

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. मुंबईजवळच्या एका बिंदूसाठी वारा आणि पाऊस दोन्ही एकाच वादळात जोरदार असण्याचा संयुक्त रिटर्न पीरियड (अशी घटना सरासरी किती वर्षांनी एकदा) काढायचा आहे. डेटा ईआरए५ चा (जागतिक हवामानाचं पुनर्विश्लेषण), तासागणिक. वादळांच्या घटना वेगळ्या काढल्या, जोड्या केल्या, आर भाषेत गम्बेल कोपुला (दोन चलांमधलं नातं मांडणारं सूत्र) लावला. त्याचा थीटा (नातं किती घट्ट ते सांगणारा आकडा) बरोबर १ वर अडकून बसतो आणि स्टँडर्ड एररच्या जागी एनएएन, म्हणजे आकडाच नाही. घटनांमधला स्पिअरमन सहसंबंध −०.२१. वर्षभराचा सगळा डेटा घेतला तर मात्र तोच सहसंबंध धन येतो. वादळात वारा वाढला की पाऊस कमी होतो, हे पटत नाही.

फ्रँक कोपुला बसतो, पण त्याला टेल डिपेंडन्स (टोकाच्या घटना एकत्र येण्याचा कल) नाही. तिसरा चल म्हणून आयबीट्रॅक्समधला (चक्रीवादळांच्या मार्गांचा जागतिक संच) वादळाच्या केंद्राचा दाब घेतलाय, त्याचा वाऱ्याशी सहसंबंध −०.९७, म्हणजे ती बाजू पक्की आहे. कोणता कोपुला वापरू एवढंच सांगा. शुक्रवारी अहवाल द्यायचाय. कोपुला म्हणजे काय हे माहीत आहे, प्राथमिक माहितीच्या लिंका नकोत.

अनुशेष
गम्बेलला ऋण संबंध दाखवताच येत नाही. थीटाची खालची मर्यादा १, म्हणजे स्वतंत्र. डेटात टाऊ (क्रमांकांवरून काढलेला सहसंबंध) शून्याखाली असेल तर ऑप्टिमायझर त्या भिंतीला टेकणार आणि भिंतीवर हेसियन (स्टँडर्ड एरर ज्यावरून निघतो ते कोष्टक) निघत नाही, म्हणून एनएएन. तेव्हा कोपुलाचा प्रश्न नंतर. घटना "वेगळ्या काढल्या" म्हणजे नेमक्या कशा? अट काय होती ती शब्दशः लिहा.

कोड_कोकणी
कोपुला सोडून द्या. दाब, आर्द्रता, ८५० हेक्टोपास्कलचा वारा, समुद्रपृष्ठाचं तापमान हे सगळं घालून क्वांटाइल रिग्रेशन फॉरेस्ट (निर्णयवृक्षांचा समूह) चालवा. वितरणाचं गृहीतकच नको, ऋण-धन सगळं ते आपोआप शिकतं.

शेपटी
@कोड_कोकणी, फॉरेस्टच्या पानात जे सर्वांत मोठं निरीक्षण पडलंय त्याच्या पलीकडचा आकडा फॉरेस्ट कधीच देत नाही. इथे रिटर्न पीरियड हवाय. पंचेचाळीसेक वर्षांच्या डेटातून शंभर वर्षांची पातळी काढायची तर शेपटीला काहीतरी गणिती रूप द्यावंच लागतं.

धागाकर्ते, तुम्हाला हेफर्नन-टॉन पद्धत हवी. कोपुलाचं कुटुंब आधी ठरवायची गरजच नाही. टेक्समेक्स पॅकेजमध्ये मेक्स नावाचं फंक्शन आहे. वाऱ्याला आणि पावसाला वेगवेगळा जीपीडी (उंबरठ्यावरच्या शेपटीचं वितरण) लावा, दोन्ही लाप्लास वितरणाच्या एकाच मापावर न्या, मग "वारा मोठा आहे" ही अट धरून पाऊस = अ × वारा + वारा^ब × उरलेला भाग, असं बसवा. अ −१ ते १ मध्ये, ब १ पेक्षा कमी. अ = १ आणि ब = ० आलं तर शेपटीत खरंच बांधलेले आहेत. अ त्याहून कमी आला तर पातळी वाढत जाईल तसे दोघे सुटे होत जातात. ऋण संबंधही यात बसतो.

खाडीकाठ
@अनुशेष, नेहमीची अट आहे. दिवसाचा वारा किंवा दिवसाचा पाऊस, दोन्हींपैकी किमान एक ९५ व्या पर्सेंटाइलच्या वर असेल तो दिवस वादळाचा.
@शेपटी, शुक्रवारपर्यंत नवी पद्धत शिकायला वेळ नाही.

अनुशेष
मिळालं. तो "किंवा" संबंध उलटा करतोय.

ही अट लावली की दोन्ही साधारण असलेले दिवस, म्हणजे आलेखाचा डावीकडचा खालचा चौकोन, कापून टाकला जातो. उरतो तो उलट्या एलच्या आकाराचा पट्टा: एका हातात वारा मोठा आणि पाऊस कसाही, दुसऱ्या हातात पाऊस मोठा आणि वारा कसाही. दोन्ही मोठे असा कोपरा लहानसा. या आकारातून सहसंबंध ऋणच निघणार, वातावरणात काहीही घडत असो.

दोन मिनिटांत पडताळता येतं. ० ते १ मधले पूर्ण स्वतंत्र असे दोन यादृच्छिक स्तंभ घ्या, लाखभर ओळी. दोन्हींपैकी एक ०.९५ च्या वर अशा ओळी ठेवा. पिअर्सन सुमारे −०.६ येईल, स्पिअरमन सुमारे −०.७. म्हणजे काहीच संबंध नसताना तुमच्या चाळणीतून −०.७ बाहेर पडायला हवं होतं आणि तुम्हाला −०.२१ मिळालंय. तुमच्या डेटात वारा-पावसाचा धन संबंध आहे याचाच हा पुरावा आहे. फ्रँक बसला म्हणून तो वापरलात, तर जोडघटनेचा धोका स्वतंत्र धरल्यापेक्षाही कमी दाखवाल. अहवालात ते जाऊ देऊ नका.

मान्सूनमित्र
अनुशेष यांच्याशी पूर्ण सहमत, पण हवामानाच्या बाजूने आणखी एक मोठी अडचण आहे. हे दिवस कोणत्या महिन्यांतले? वर्षभराचे असतील तर तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या आहेत: मेघगर्जनेची मान्सूनपूर्व वादळं, अरबी समुद्रातली चक्रीवादळं आणि जुलै-ऑगस्टचा मान्सूनचा मुसळधार पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा चक्रीवादळ नव्हतं. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातून उत्तरेला गेलं, तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किमीचे झोत नोंदले गेले आणि २४ तासांत २०० मिमीच्या वर पाऊसही झाला. वारा-पावसाचं नातं या दोन दिवशी वेगळ्या यंत्रणेतून आलेलं आहे. दोन्हींना मिळून एक थीटा काढला तर तो कशाचाच नसतो.

वर्षभराच्या डेटात धन येतोय त्यालाही फार महत्त्व देऊ नका. जानेवारीत वाराही मंद आणि पाऊसही शून्य, जुलैत दोन्ही जास्त. ऋतुचक्रच तुम्हाला धन संबंध दाखवतंय.

छप्परवाला
विषय वाऱ्याचा आहे म्हणून विचारतो. रायगड किनाऱ्याला पत्र्याची शेड करायची आहे, निसर्ग चक्रीवादळात आजूबाजूच्या बऱ्याच उडाल्या. किती वाऱ्याचा हिशेब धरावा?

मान्सूनमित्र
@छप्परवाला, आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) बघा. त्यात मुंबईसाठी मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद दिलाय, म्हणजे ताशी १५८ किमी. तो तीन सेकंदांचा झोत आहे, १० मीटर उंचीवरचा, ५० वर्षांच्या रिटर्न पीरियडचा. तुमच्या जागेचा आकडा त्यातल्या नकाशावरून घ्या आणि त्यावर भूभागाचे व उंचीचे गुणक लावून घ्या. पत्रा उडतो तो बहुतेक वेळा कडांना आणि कोपऱ्यांना, कारण तिथे वरची ओढ सर्वांत जास्त असते. तिथे हुक बोल्ट जवळजवळ हवेत. बाकी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच करा, आणि त्यासाठी वेगळा धागा काढा.

यावरून आठवलं. धागाकर्ते, तुमचा "वारा" नक्की कोणता? ईआरए५ चा तासाचा १० मीटरचा वारा की झोत? आणि दिवसाचा आकडा कसा केला?

खाडीकाठ
यू (पूर्व-पश्चिम) आणि व्ही (उत्तर-दक्षिण) घटक. दोन्हींची दिवसाची सरासरी काढून त्यावरून वेग. पाऊस आयएमडीच्या (भारतीय हवामान खातं) ०.२५ अंशाच्या ग्रिडमधून घेतलाय, तो जास्त विश्वासू म्हणून. महिने सगळे. आता कोपुलाचं बोलू या का?

मान्सूनमित्र
नाही, आधी हे नीट करू. इथे दोन चुका आहेत आणि दोन्ही संबंध पुसट करतात.

पहिली. वादळाचं केंद्र जवळून जातं तेव्हा वाऱ्याची दिशा काही तासांत पार बदलते. सकाळी पूर्वेकडून आणि संध्याकाळी नैर्ऋत्येकडून जोराचा वारा असेल तर यूची सरासरी काढताना अधिक-उणे एकमेकांना खातात आणि भर वादळाचा दिवस शांत दिसतो. आधी प्रत्येक तासाचा वेग काढा, मग दिवसाचा कमाल घ्या. क्रम उलटा नको.

दुसरी. आयएमडीचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे ०३ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). १८ मे या तारखेखालचा पाऊस हा १७ च्या साडेआठपासून १८ च्या साडेआठपर्यंतचा. तुमचा वारा ०० ते ०० यूटीसीचा असणार. तौक्तेचा मुंबईतला बराचसा पाऊस १८ तारखेच्या खात्यात आणि वारा १७ च्या खात्यात गेला असेल. जोडी तिथेच तुटली. वारा ०४ ते ०३ यूटीसी या चोवीस वेळशिक्क्यांवरून घ्या. पाऊसही ईआरए५ चाच घेतलात तर लक्षात ठेवा, तो मीटरमध्ये असतो आणि शिक्क्याच्या वेळेला संपणाऱ्या तासाचा असतो.

शेपटी
दिवसाचा हिशेब मुळात हवाच कशाला? घटना हे एकक धरा. केंद्र जवळ आल्यापासून दूर जाईपर्यंतच्या खिडकीतला कमाल वारा आणि कमाल २४ तासांचा सरकता पाऊस. दोन्हींची शिखरं एकाच तासाला नसतात. बाहेरचे पावसाचे पट्टे कित्येक तास आधी येतात, सर्वांत जोराचा वारा डोळ्याच्या भिंतीपाशी.

अनुशेष
घटना या एककाला माझाही पाठिंबा. फक्त घटनेची निवड वाऱ्याच्या किंवा पावसाच्या आकड्यावर होता कामा नये. निवड तिसऱ्याच गोष्टीवर करा: केंद्र बिंदूपासून अमुक किलोमीटरच्या आत आलं की ती घटना, वारा कितीही असो, पाऊस कितीही असो. आयबीट्रॅक्सचे मार्ग तीन-तीन तासांचे आहेत, तेवढे पुरतात. ५०० किमी घ्या, मग ३०० घेऊन निष्कर्ष किती हलतो ते बघा.

यातही एक गोष्ट उरते. केंद्र जवळ असलं की वाराही जास्त आणि पाऊसही जास्त. तुम्हाला दिसणाऱ्या संबंधाचा मोठा वाटा केवळ अंतराचा असू शकतो. म्हणून अंतर सीमांत वितरणात (प्रत्येक चलाच्या स्वतःच्या वितरणात) सहचल, म्हणजे सोबतचा चल, म्हणून घाला: जीपीडीचा स्केल = ई^(क + ख × अंतर), वाऱ्याचा वेगळा, पावसाचा वेगळा. तुमचा बिंदू वादळाच्या मार्गाच्या कुठल्या बाजूला आहे हेही घाला, कारण उत्तरेला जाणाऱ्या वादळाच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या बाजूला, वारा जास्त असतो. त्यानंतर जे उरतं त्यावर कोपुला.

कोड_कोकणी
म्हणजे शेवटी सहचल लागलेच. मी तेच म्हणत होतो. आणि @शेपटी, पानातल्या निरीक्षणांवर जीपीडी बसवला की फॉरेस्टसुद्धा पलीकडचं सांगतं. सीमांत वितरण झाडांकडून, शेपटी जीपीडीकडून, संबंध कोपुलाकडून. भांडण कसलं?

शेपटी
भांडण संख्येचं आहे. अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एक-दोन चक्रीवादळं, त्यातली बरीच ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे जातात. मुंबईच्या ३०० किमीच्या आत आलेली मोजली तर हाताशी मोजकीच राहतात. तेवढ्यावर झाडं वाढवून काय मिळणार? मी म्हणतो ते ऐका, पश्चिम किनाऱ्यावरचे बिंदू एकत्र घ्या, गोव्यापासून डहाणूपर्यंत.

अनुशेष
एकत्र घेतले तरी एकच तौक्ते दहा बिंदूंवर दहा वेळा मोजलं जाईल. बिंदू एकत्र करा, पण बूटस्ट्रॅप (अनिश्चितता मोजायला डेटातून पुन्हा पुन्हा नमुने उचलणं) करताना पूर्ण वादळ उचला, एकेक ओळ नाही. नाहीतर विश्वासाच्या मर्यादा खोट्या अरुंद येतील.

एक आकडा डोळ्यासमोर ठेवा. उंबरठ्याच्या वर ४० स्वतंत्र घटना असतील आणि काय (χ, म्हणजे वारा उंबरठ्याच्या वर असताना पाऊसही वर असण्याची शक्यता) ०.३ असेल, तर त्याचा स्टँडर्ड एरर ०.०७. म्हणजे ०.१६ ते ०.४४ यांपैकी काहीही.

बेज्_अंदाज
मोजक्याच घटना असतील तर बेझियन मार्गच धरा. आकाराच्या प्राचलावर सौम्य प्रायर (डेटाआधीचा अंदाज), शून्याभोवती ०.२ प्रमाणविचलन. नाहीतर जीपीडीचा आकार कधी ०.५ तर कधी −०.४ येतो आणि शंभर वर्षांचा वारा एक तर राक्षसी नाही तर ठेंगणा. मला वाटतं इथे कोपुलापेक्षा हेच जास्त महत्त्वाचं.

कोड_कोकणी
कृत्रिम मार्गांचा डेटा का नाही वापरत? स्टॉर्म नावाचा संच आहे, १०,००० वर्षांची कृत्रिम चक्रीवादळं, उत्तर हिंदी महासागरासह. संख्येचा प्रश्नच मिटतो.

मान्सूनमित्र
त्यात मार्ग, वारा, दाब, कमाल वाऱ्याची त्रिज्या आहे. पाऊस नाही. पाऊस एखाद्या त्रिज्येच्या सूत्रावरून घालावा लागेल आणि मग वारा-पाऊस संबंध त्या सूत्राचाच परत मिळेल. वाऱ्याच्या सीमांत वितरणासाठी जरूर वापरा, संबंधासाठी नको.

आणि आता दाबाचा −०.९७. धागाकर्ते, ती बाजू पक्की आहे असं तुम्ही म्हणालात म्हणून स्पष्ट लिहितो: ती निरीक्षणं नाहीत. आपल्या समुद्रांत विमानं वादळात नियमित पाठवली जात नाहीत. उपग्रहचित्रांवरून ड्वोराक पद्धतीने टी क्रमांक (तीव्रतेचा क्रमांक) ठरतो, त्यावरून वारा, आणि त्याच वाऱ्यावरून सूत्राने दाब. आयएमडीकडचं सूत्र वारा = १४.२ × दाबतुटीचं वर्गमूळ, वारा नॉटमध्ये, तूट हेक्टोपास्कलमध्ये. तूट २५ असेल तर ७१ नॉट. तुम्ही काढलेला सहसंबंध हे त्या सूत्राचं प्रतिबिंब आहे. शिवाय आयबीट्रॅक्समध्ये संस्थेगणिक स्तंभ वेगळे: आयएमडीचा वारा तीन मिनिटांच्या सरासरीचा, जेटीडब्ल्यूसीचा (अमेरिकी लष्कराचं चक्रीवादळ इशारा केंद्र) एका मिनिटाचा. एकाच वादळात कधी हा कधी तो स्तंभ घेतलात तर उड्या दिसतील. तिसरा चल हवाच असेल तर तुमच्या बिंदूवरचा ईआरए५ चा समुद्रसपाटीचा दाब घ्या. पास्कलमध्ये असतो, शंभराने भागा.

शेपटी
आणि चिन्ह उलटं करा. गम्बेल वरच्या उजव्या कोपऱ्यातलं बांधतो. दाब वादळात खाली जातो, म्हणून १०१० वजा दाब अशी तूट घ्या. तीन चलांना एकच थीटा मात्र लावू नका, वारा-तूट आणि पाऊस-तूट यांचं नातं सारखं घट्ट नसतं. वाइन कोपुला (जोडीजोडीने वेगळे कोपुला जोडणारी रचना) लावा.

खाडीकाठ
घटना मार्गावरून निवडल्या, ५०० किमी. वेग आधी, कमाल नंतर. चोवीस तास ०३ यूटीसीशी जुळवले. स्पिअरमनचं चिन्ह आता धन आहे, गम्बेल बसतोय, थीटा १ च्या वर आहे. तूट घेतलीय, वाइन आत्ता नाही. आता गम्बेल ठेवू की टी कोपुला? दोघांचा एआयसी (मॉडेल किती चांगलं बसतं याचा गुण) जवळपास सारखा.

अनुशेष
एआयसी आलेखावरच्या बिंदूंच्या संपूर्ण ढगावर ठरतो आणि ढगाचा बहुतेक भाग मधला असतो. शेपटीबद्दल तो फारसं बोलत नाही, म्हणून सारखा येतोय. फरक कुठे पडतो ते बघा. टाऊ ०.३ धरा, वारा आणि पाऊस दोन्ही आपापल्या ५० वर्षांच्या पातळीवर. दोन्ही एकाच वर्षी ओलांडले जाण्याचा रिटर्न पीरियड:

स्वतंत्र धरले तर २,५०० वर्षं.
गाऊसियन कोपुला, ३५० च्या आसपास.
गम्बेल, थीटा १.४३, सुमारे १३०.

टाऊ तोच आहे. फरक फक्त कोपऱ्याचा, आणि तुमच्या अहवालातला आकडा त्या कोपऱ्यातच राहतो. गम्बेलचा टेल डिपेंडन्स २ − २^(१/थीटा), इथे ०.३८. गाऊसियनचा शून्य. टीचा धन असतो, पण तो खालच्या कोपऱ्यातही तेवढाच देतो. मंद वारा आणि थोडा पाऊस हेही तितकेच बांधलेले आहेत का, तुमचा आलेख बघा. नसतील तर टी बाद.

ठरवायचं असं: काय(यू) चा आलेख काढा, यू (इथे वाऱ्याचा घटक नव्हे, पर्सेंटाइलचा उंबरठा) ०.८ पासून ०.९७ पर्यंत, वादळागणिक बूटस्ट्रॅपच्या पट्ट्यासह. काय(यू) म्हणजे वारा यू च्या वर असताना पाऊसही यू च्या वर असण्याची शक्यता. स्वतंत्र असतील तर ती १ − यू या रेषेवर राहते, तीही काढा. आलेख आडवा राहिला तर गम्बेल. शून्याकडे उतरत गेला तर गम्बेल धोका फुगवतोय, मग @शेपटी यांनी सांगितलेली हेफर्नन-टॉन पद्धत.

शेपटी
उतरलाच तर मेक्स चालवून झाल्यावर उरलेला भाग आणि अट धरलेला वारा यांचा आलेख बघा. त्यात कल दिसला तर उंबरठा वर सरकवा. आणि वाऱ्याची अट धरून काढलेलं उत्तर पावसाची अट धरून काढलेल्याशी तंतोतंत जुळणार नाही, ते या पद्धतीतच आहे. अहवालात दोन्ही द्या.

पावसाची शून्यं राहिली. ५०० किमीवरच्या काही घटनांत पाऊस ० असेल. ते सगळे एकाच क्रमांकावर येतात आणि स्पिअरमन व कोपुला दोन्ही बिघडवतात. त्यात बारीक यादृच्छिक संख्या मिसळायचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका, सुट्या जोड्या तयार होतात. शून्याची शक्यता वेगळी काढा आणि धन पावसावरच कोपुला बसवा.

मान्सूनमित्र
शेवटचं आणि महत्त्वाचं. ईआरए५ चक्रीवादळाचा गाभा मवाळ करतो, वारा कमी दाखवतो, दाब जास्त. ०.२५ अंश म्हणजे आपल्याकडे साधारण २६ ते २८ किमीचा चौकोन. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी असताना कुलाब्याला ७३ मिमी होता, आणि दोघांतलं अंतर वीस-पंचवीस किमी. चौकोनाची सरासरी हे दाखवू शकत नाही. संबंध ईआरए५ वरून काढला तरी सीमांत वितरणं, निदान वाऱ्याचं, कुलाबा आणि सांताक्रूझच्या स्थानकांवरून घ्या. कोपुलाचा फायदा हाच की दोन्ही वेगळे करता येतात.

खाडीकाठ
काय(यू) काढला. ०.८ ते ०.९ आडवा, त्यापुढे खाली येतोय, पण पट्टा इतका रुंद आहे की आडवाही त्यात मावतो. आता?

अनुशेष
मग दोन्ही आकडे द्या. गम्बेलचा एक, हेफर्नन-टॉनचा एक, बूटस्ट्रॅपच्या मर्यादांसकट, आणि घटना किती होत्या ते वरच लिहा. डिझाइनसाठी वापरणार असाल तर गम्बेलचा, कारण तो जोडघटना जास्त वेळा येते असं धरतो. ३०० किमीचा पट्टा घेऊन पुन्हा काढलात का?

बेज्_अंदाज
आणि आकाराचं प्राचल किती आलं?

छप्परवाला
हुक बोल्ट जवळजवळ म्हणजे किती अंतरावर?